दुइलिओदादाची खचणारी सीट

प्रिय निवेसताई,

आधी बातमी, मग नमस्कार. दुइलिओदादाच्या सायकलची सीट गेल्या मंगळवारी दुपारपासून खाली सरकायची थांबली आहे. बातमीला दुजोरा बोर्तोलोचा. नुसता तोंडी नव्हे. ज्याने ती फ्रेम घडवली तोच माणूस सीटवर बसला, बसल्या बसल्या दोन उड्या मारल्या आणि "आता ही हलली तर माझं दुकान बंद" असं माझ्या, अर्मिदाच्या आणि त्याच्या लंगड्या मांजरीच्या समक्ष जाहीर केलं. (तू पाहिलंस तेव्हा बोर्तोलो काटकी होता. आता त्याने उडी मारली की भिंतीवरचे पाने वाजतात.) सीट कुठल्या उंचीवर थांबली हा वेगळा विषय आहे. त्याच्याकडे मी येईन, पण जरा धीर गोळा करून.

आता नमस्कार. लिफाफ्यावर मी शिस्तीत 'सिस्टर अगाता' लिहिलं आहे, कारण दारावरच्या सिस्टरबाई पत्र परत धाडतील ही भीती मला अजून वाटते. आत मात्र तू निवेसच, आणि मी वाकून नमस्कार करणारा धाकटा एलिजिओ. (वाकताना गुडघ्यातून जुनं दार उघडल्यासारखा आवाज येतो. पत्रातून नमस्कार करण्याचा हा फायदा.) तुझी तब्येत कशी आहे? कानाचं यंत्र मिळालं का? मागे फोनवर तू सारखी 'काय? काय?' म्हणत राहिलीस आणि शेवटी 'देव त्याच्या आत्म्याला शांती देवो' म्हणून फोन ठेवलास; मी बटाट्यांबद्दल बोलत होतो. म्हणून हे पत्र. कोंबड्या कशा आहेत? मठाची ती लोखंडी सायकल घेऊन औषधं आणायला खालच्या गावात अजून तूच जातेस ना? झग्याला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून तू परतीचा चढ चढतेस, हे गेल्या पत्रातलं वाक्य अर्मिदाने शेजारणींना वाचून दाखवलं आणि वर मला ऐकवलं, "बघा, वन्सं या वयात डोंगर चढतात, आणि आमच्याकडे जिना चढून आले की खुर्ची मागतात." इकडे बाकी सर्व क्षेम. अर्मिदाचं पित्त आहे तिथे आहे. जिभेला काही झालेलं नाही.

कोल्माचा रिवाज तुला माहीत आहे, पण तू मठात गेल्यानंतर त्याला नियमांची शेपटं फुटली आहेत, तेवढी सांगतो. सायकल मंडळाचा सभासद वारला की सप्टेंबरातल्या मंडळाच्या रविवारी त्याची सायकल कोल्माच्या खिंडीतल्या देवळापर्यंत जायची, हे जुनंच. गाडीत टाकून न्यायची नाही. ती स्वतःच्या चाकांवर जायची, आणि वर रक्ताचं माणूस बसलेलं हवं. चढावरच्या पाणवठ्यापर्यंत वाटेल तितकं थांबा, पाणी प्या, सरकारला शिव्या द्या. पाणवठ्यापासून देवळापर्यंत मात्र पाय जमिनीला लागता कामा नये. वर पोचलं की फादर स्पेरांदिओ पाणी शिंपडतात, घंटा वाजते, गेलेल्याचं नाव मोठ्याने पुकारतात आणि त्याची जर्सी बाकीच्यांच्या शेजारी भिंतीवर लागते. पाय टेकला तर जर्सी घडी घालून घरी. दुसरी संधी नाही. मेलेल्या माणसाला एकच सप्टेंबर मिळतो. कातडी कमावणाऱ्या रेमिजिओची जर्सी अजून त्याच्या बायकोच्या कपाटात आहे. जावई एका पायावर तयार होता, पण जावई रक्ताचा नव्हे असं मंडळाने ठरवलं. (अध्यक्षांचं आणि त्या जावयाचं कुंपणावरून भांडण आहे, पण तो विषय आता नको.)

दादाने लग्न केलं नाही, मला मूल नाही. रक्ताचे म्हणून उरलो दोघे. तू तिकडे, मी इकडे. म्हणजे मीच. आणि सायकल म्हणशील तर दादाची जुनी पोलादी सायकल त्याने आजाराच्या पहिल्या हिवाळ्यातच देवळाच्या सोडतीला देऊन टाकली होती. मी म्हटलं, अरे, असं का केलंस? तर म्हणाला, "माझ्याकडे दुसरी आहे ना." ती दुसरी म्हणजे खोकी.

खोकी, ताई. पलंगाखाली खोकी, कपाटावर खोकी, चहाच्या कपांमागे खोकी, आणि तळघरात सॉसेज टांगायच्या आकड्याला फ्रेम. टायटॅनियमची आहे. तिला रंग दिलेला नाही; डिसेंबरातल्या सकाळी आपली नदी दिसते तसा तिचा रंग. बाकीचं कार्बनचं: पुढचा चिमटा, हँडल, सीटखालचा दांडा, चाकांच्या कडा. सगळं काळं आणि वाळल्या भोपळ्याइतकं हलकं. टिचकी मारली तर आतून कुणीतरी 'कोण आहे?' म्हणेल असं वाटतं. किती वर्षं तो हे एकेक करून जमवत होता कोण जाणे. आई तुझ्या लग्नासाठी एकेक चादर जमवायची ना, कापडात गुंडाळून, कापराच्या वड्या घालून, तू मठात जाणार हे उघड झाल्यावरसुद्धा? (माफ कर. पण दुसरी उपमा सुचेना.)

खोकी उघडली तेव्हा मला दादाची काळजी वाटली, मेलेल्या माणसाची वाटू शकते तितकी. कारण त्याला दुकानदारांनी फसवल्याचं उघड दिसत होतं. एवढा उंचापुरा माणूस, त्याला हँडल विकलं ते शाळकरी पोराच्या खांद्याएवढं अरुंद. सीट विकली ती आखूड आणि रुंद, मध्ये खाच असलेली; दादा आयुष्यभर सुरीच्या पात्यासारख्या सीटवर बसला. मागचं चक्र तर थाळीएवढं; त्या गियरवर भिंतसुद्धा चढता येईल, पण चढणारा वर पोचेपर्यंत त्याची नातवंडं मोठी होतील. मी मनात म्हटलं, आजारपणात माणूस हळवा होतो, समोरचा जे देईल ते घेतो. आणि फ्रेम? फ्रेम मला लहान वाटली. पण अर्मिदा म्हणाली, "तुम्हाला काय कळतंय? तुम्ही शर्यतींच्या बातम्या लिहिल्यात, शर्यती नाही." म्हणून मी फ्रेमबद्दल बोलायचं सोडून दिलं.

जोडायची मीच, असं मी ठरवलं. बोर्तोलो म्हणाला, "आण इकडे, दुपारभरात उभी करून देतो," पण मला वाटलं, दादासाठी एवढं तरी आपल्या हाताने करावं. (हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.) सुरुवातच अपशकुनाने झाली. सोमवारी अर्मिदाने स्वयंपाकघर आवरलं आणि रिकामी खोकी कचऱ्याला दिली. त्यातलं एक रिकामं नव्हतं. त्यात सीटचा दांडा होता. तिचं म्हणणं, "मी हलवून पाहिलं, काही वजनच नव्हतं. भावजींनी हवा विकत घेतली असेल असं मला कसं कळावं?" मी पायात सपाता आणि अंगात बनियन अशा अवस्थेत कचऱ्याच्या गाडीमागे पुलापर्यंत पळालो. गाडीवाल्याला वाटलं, म्हातारा घर सोडून निघाला आणि त्याला सोबत हवी. त्याने माझ्यासाठी दारसुद्धा उघडलं. दांडा मिळाला, त्याला टरबुजाची साल चिकटली होती.

आता बाबांच्या ग्रीसकडे वळतो. तू नेहमी त्यांच्या हाताखाली असायचीस, पाने तूच द्यायचीस, तेव्हा त्यांचा मंत्र तुला माझ्यापेक्षा पाठ असेल: ग्रीस लावलेलं सुटतं, कोरडं ठेवलेलं रडवतं. खाणीतल्या निम्म्या कामगारांच्या सायकली त्यांनी या मंत्रावर चालवल्या. त्यांचा तो पिवळ्या ग्रीसचा डबा अजून आहे. वर साय धरली आहे, पण आत ग्रीस तसंच. दादाच्या खोक्यांत एक छोटी ट्यूबही निघाली. मी ती दाबून पाहिली, बोटांत चोळली, आणि काय सांगू, तिच्यात चक्क वाळू शिरलेली! मी म्हटलं, इथेही फसवलं बिचाऱ्याला. आणि ट्यूब केरात टाकली. (आता मला कळलंय की ती वाळू मुद्दाम घालतात. कार्बनचा दांडा नळीत घट्ट धरून राहावा म्हणून त्याला खरखरीत मलम लावायचं असतं, ग्रीस कधीच नाही. आपल्या दरीत हे सगळ्या पोरांना माहीत आहे. आमच्या वयाच्या, बोर्तोलो सोडला तर, एकाही माणसाला माहीत नाही, कारण आम्ही सगळे ग्रीसवर वाढलो.) तेव्हा मी सीटच्या दांड्याला बाबांचं ग्रीस लावलं. थोडंथोडकं नाही, पावाला लोणी लावावं तसं, आणि लावताना मला वाटत होतं की बाबा खिडकीतून बघताहेत आणि मान हलवताहेत. मान हलवत असतीलही. कुठल्या दिशेने, ते मी पाहिलं नाही.

मग हँडल. बोर्तोलोने बजावून ठेवलं होतं की कार्बन जास्त आवळलं तर तडकतं, आणि तडकलं की संपलं, त्याला डाग देता येत नाही की ठोकून सरळ करता येत नाही. त्यासाठी त्याने एक लांब दांड्याचा पाना दिला होता, आवळण्याचा जोर मोजणारा. तो कसा वापरायचा हे तो सांगत होता, पण त्याच वेळी मांजर माझ्या पायात आली आणि मी "हो, हो" म्हणालो. घरी स्वयंपाकघरात सायकल उभी केली, अर्मिदा चुलीवर मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळत होती, आणि मी हँडलचे स्क्रू हलक्या हाताने, हलक्या हाताने आवळत होतो. आणि एकदम 'कट्' झालं.

ताई, तो आवाज अक्रोड फुटल्याचा होता. मी पाना खाली ठेवला. हँडलकडे बघायचं धाडस होईना. भिंतीकडे बघत जमिनीवर बसलो आणि रडायला लागलो. दफनाच्या दिवशी मी रडलो नव्हतो. दारात उभं राहून लोकांचे हात हातात घ्यायचे होते, बाकं कमी पडली ती शेजारून आणायची होती, आणि साप्ताहिक छापायला जाण्याआधी बातमीही द्यायची होती. दादाची मृत्युवार्ता मीच लिहिली. जागा कमी होती म्हणून एक ओळ काढली, आणि ती ओळ कोणती होती ते आता मला आठवत नाही. रोज आठवून बघतो. त्या दिवशी जे आलं नाही ते सगळं त्या 'कट्' बरोबर आलं. अर्मिदाला आधी वाटलं मी बोट चिरडलं. मग तिला वाटलं हृदयाचं काहीतरी. मी फक्त हँडलकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, "मोडलं गं. त्याचं मी मोडलं." तिने पोलेंटाची पळी हातात तशीच धरून हँडल वरून पाहिलं, खालून पाहिलं, चष्मा लावून पाहिलं. मग तिने पाना उचलला, पुन्हा स्क्रूला लावला, दाबला. 'कट्.' पुन्हा दाबला. 'कट्.' "अहो," ती म्हणाली, "हँडल नाही बोलत, पाना बोलतोय. बस झालं म्हणतोय." तसंच होतं. हवा तेवढा जोर झाला की कट् वाजायचं, एवढंच त्या पान्याचं आयुष्यातलं काम. अर्मिदा हसली नाही. (हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण ती इतर सर्व गोष्टींना हसते.) ती माझ्या शेजारी जमिनीवर बसली. पोलेंटा करपला. तोच खाल्ला.

सायकल उभी राहिली. आपली आपण, भिंतीला टेकून, नदीच्या रंगाची. मी तिला एका बोटावर उचललं, आणि खरं सांगतो, त्या हलकेपणाचा मला रागच आला. शेवटच्या महिन्यात दादालाही असाच उचलावा लागायचा, पलंगावरून खुर्चीत. कुणाचंही वजन इतकं कमी असू नये.

रविवारची रंगीत तालीम म्हणून गेल्या मंगळवारी मी कोल्माकडे निघालो. फ्रेम लहान, म्हणून सीटचा दांडा चांगला उंच ओढून घेतला होता. मागून पाहणाऱ्याला बगळा सायकलवर बसलाय असं वाटलं असेल. कॉफीच्या दुकानाबाहेरच्या बाकावर नेहमीची मंडळी बसली होती. त्यांनी टोप्या काढल्या. मला नाही, सायकलला. मला बरं वाटलं. पहिल्या वळणापर्यंत सगळं झकास. मग चढ लागला, आणि मला वाटू लागलं की डोंगर उंच होतोय. ग्रीस लावलेली सीट इतक्या सावकाश खाली जाते की सीट जातेय हे बसणाऱ्याला कळत नाही; त्याला वाटतं, जग वर चाललंय. दुसऱ्या वळणावर माझे गुडघे मला दिसू लागले. तिसऱ्या वळणावर ते माझ्याशी बोलू लागले. मला वाटलं, म्हातारा झालो मी. ते खरंही आहे, पण माणूस एका चढावर इतका म्हातारा होत नाही. पाणवठा आला तेव्हा मी बेडकासारखा बसलो होतो, हनुवटी गुडघ्यांच्या मध्ये, कोपरं बाहेर, आणि बाकावरची मंडळी (ती कुणाच्या तरी गाडीतून आधीच वर येऊन बसली होती, तमाशा चुकू नये म्हणून) एका सुरात ओरडली, "अरे एलिजिओ, सायकल धुतलीस काय रे? आटली की!" मी पाय टेकला. पाणवठ्यावरच टेकला, म्हणजे नियमात बसतं. पण तिथून वर पाहिलं, आणि कळलं की सीट नीट असती तरी पुढचं माझ्याने झालं नसतं. माझा गुडघा पाणवठ्याच्या पुढे कधी गेलाच नाही. दादाचा जायचा, कसाबसा एखादं वळण. तुझा तर गाणं म्हणत जायचा.

मी सायकल ढकलत बोर्तोलोकडे नेली. त्याने दांडा बाहेर ओढला, ग्रीस पाहिलं, बोटाने चाखायचं तेवढं बाकी ठेवलं, आणि म्हणाला, "गाढवा, ही काय सांडगे तळायची कढई आहे?" मग तो हसला. हसताना त्याचा श्वास अडकला, मांजर पळाली. दांडा पुसून, वाळूचं मलम लावून त्याने तो परत बसवला, आणि दांडा किती वर ठेवायचा हे विचारायच्या आधीच पाना लावून 'कट्' केलं. मी म्हटलं, अरे, ही फार खाली आहे, माझी उंची घे ना. तर त्याने चिंधी घेतली. हात पुसत बसला. (बोर्तोलो गप्प झाला की दुकानात शेजारच्या घराचा रेडिओ ऐकू येतो, इतकं ते क्वचित घडतं.) तो पुढे काय म्हणाला ते लिहायला या कागदावर आता जागा नाही.

तर असं आहे. सायकल तयार आहे. मंडळाच्या पत्रकात चालवणारा म्हणून माझंच नाव छापलं आहे. गुडघ्याला रोज कापूर घातलेलं तेल चोळतो, अर्मिदा मला जिना वर-खाली करायला लावते आणि खाली उभी राहून मोजते, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. होईल ते होईल. दादाची जर्सी इस्त्री करून ठेवली आहे. तू प्रार्थनेत माझ्या गुडघ्याचं नाव घे, उजवा.

कोंबड्यांना आशीर्वाद. मदरना आणि सर्व सिस्टरना आमचा नमस्कार. स्वतःला जप, ओल्या फरशीवरून चालू नकोस.

तुझा धाकटा,
एलिजिओ

ता. क. तू विणलेले मोजे मिळाले. दोन्ही डाव्या पायाचे आहेत. अर्मिदा म्हणते मोज्याला डावा-उजवा नसतो. मग हे दोन्ही डावे कसे? तरी घातले आहेत, आत्ताही पायात आहेत.

ता. क. दुसरा, आणि खरं तर याच्यासाठीच वरचं सगळं. जागा नाही म्हणालो होतो, अर्मिदाने नवा कागद आणून समोर ठेवला आणि म्हणाली, "आता लिहा, नाहीतर मी लिहीन." तिच्यापेक्षा मी बरा.

बोर्तोलो म्हणाला, "आणतो तुझ्या उंचीला, पण सायकल तुझी नाही." मी म्हटलं, माहीत आहे, दादाची आहे. "दुइलिओचीही नाही." मग त्याने सांगितलं. आजाराच्या आधीच्या वसंतात दादा त्याच्याकडे आला होता, खांद्यावर तुझी निळी सायकल घेऊन. (शेडमधला तो खिळा एकदा रिकामा दिसला होता आणि मला वाटलं होतं, दादाने ती जुन्या वस्तूंच्या बाजारात काढली. त्याच्याशी मी आठवडाभर नीट बोललोही नाही. मग सायकल खिळ्यावर परत आली, टायरांत हवा भरलेली. तो दर महिन्याला भरायचा.) दादा म्हणाला, "हिच्या मापाने कर. पण बसणारा पन्नास वर्षांनी मोठा धर, हात जवळ घे, गियर सोपे दे." बोर्तोलोने विचारलं, कोणासाठी? तर दादा त्याच्यावर खेकसला, "कोणासाठी म्हणजे? पाय न टेकता कोल्मा चढलेली दुसरी कोणती पोरगी आहे रे या दरीत?"

अरुंद हँडल, रुंद सीट, थाळीएवढं चक्र. दादाला कुणीही फसवलं नव्हतं, ताई.

व्रताला पन्नास वर्षं झाली की मदर पंधरा दिवस घरी जाऊ देतात, हे तू लिहिलं होतंस, ते पत्र दादाने माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं होतं. (चष्मा हरवलाय म्हणाला. चष्मा त्याच्या कपाळावर होता.) ते पन्नासावं वर्ष हे. बोर्तोलो त्याला म्हणाला होता, अरे, मग जोडून तरी ठेवू ती. दादा म्हणाला, नको, जोडेल ती स्वतः, बाबांसारखी. मी पाने देईन. म्हणून ती खोक्यांतच राहिली. मी जोडून बसलो, त्याला आता इलाज नाही. पण हँडलची पट्टी गुंडाळायची मी तुझ्यासाठी ठेवली आहे. पाने मी देईन.

तू दफनाला येऊ शकली नाहीस. आजारी सिस्टर मॅग्दालेनांना त्या अवस्थेत टाकून येणं तुझ्याने झालं नसतं, आणि दादालाही ते पटलं नसतं. कुणी काही बोललं नाही, आणि बोललं असतं तर अर्मिदाने त्याचं काय केलं असतं ते तुला माहीत आहे. पण सप्टेंबर त्याला एकच आहे. रक्ताचे दोघे आहोत आणि त्यातल्या एकाचा गुडघा पाणवठ्यावर संपतो.

तेव्हा मागणी एवढीच, अगदी छोटी: भिंतीला पाठ लावून अनवाणी उभी राहा. एक जाड पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये, सीट असते तिथपर्यंत वर घे, आणि दुसऱ्या कुणाकडून जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत दोरी लावून घे. (प्रार्थनेचं पुस्तक वापरणं पाप असेल तर मठाचं पाककृतींचं चालेल. बोर्तोलोला मी विचारलं, त्याला दोन्ही चालतात.) ती दोरी कापून पाकिटातून पाठव. बोर्तोलोने वयाची वजावट अंदाजाने धरली आहे, सीट तिथेच आवळली आहे, पण अंदाजावर त्याला झोप लागत नाही.

फादर स्पेरांदिओंचं पत्र मदरना याच्या मागोमाग पोचेल. झग्याऐवजी काय घालायचं हा प्रश्न अर्मिदाने अंगावर घेतला आहे. माझ्या दोन विजारी उसवलेल्या दिसतात. मंडळाचे अध्यक्ष पत्रकातलं नाव बदलायला तयार आहेत, कारण बाकावरच्या मंडळींनी त्यांना सांगितलं की नाही बदललं तर बाक त्यांच्या दारात आणून ठेवू. त्या रविवारी पाणवठ्यापर्यंत बोर्तोलो पाना घेऊन तुझ्या बरोबर येईल. पाणवठ्यापुढे पाय टेकायचा नाही, हे तुला मी सांगणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. तिथून तू नेहमी पुढे निघून जायचीस, मान खाली घालून, आणि आम्ही दोघं सायकली ढकलत, तुझ्या नावाने ओरडत मागून यायचो. तू एकदाही वळून बघितलं नाहीस.

या वेळी वळून बघ. ओरडणारा एकच असेल.